अप्पांची उठून जाणारी कुटी

सुरुवातीलाच सांगून टाकतो, नाहीतर बोलण्याच्या भरात राहून जायचं. रंधा धरायला मला वडिलांनी शिकवलं, प्लायवूड कापायला पुण्यातल्या एका ठेकेदारानं शिकवलं, पण लाकूड म्हणजे काय आणि मी म्हणजे कोण, हे दोन्ही मला अप्पांनी दाखवलं. आज धाराशिव जिल्ह्यात, येडशीच्या बाजूच्या एका डोंगरावर, माणसं लाकडी कुट्यांमध्ये डोळे मिटून बसतात. त्या कुट्यांचा सुतार मी आहे. मी तिथं आहे, कारण अप्पा तिथं नाहीत. हे वाक्य विचित्र वाटेल. पण ते तसंच आहे, आणि कसं ते पुढं येईलच.

अप्पा उमरग्याच्या बाजूचे. घराणं लिंगायत व्यापाऱ्यांचं, घरात भुसार मालाचं दुकान, कानडी आणि मराठी एकाच घासात. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, अंगात जाडाभरडा शर्ट आणि त्या शर्टाचा एक खिसा कायम खाली ओढलेला. त्या खिशात ओळंबा असायचा. भिंत, खांब सरळ उभा आहे का बघायचं, दोरीला बांधलेलं ते पितळी वजन ते कुठंही बाहेर काढायचे. चहाच्या हॉटेलात बसले की दाराच्या चौकटीला लावायचे आणि मालकाला सांगायचे, "तुझं दार नमस्कार करायलंय." मालकाला कळायचं नाही हा आशीर्वाद की शिवी. तो चहा मात्र आणून ठेवायचा.

शिकलेले मोठे आर्किटेक्ट. सोलापुरात बरीच वर्षं सिमेंटच्या इमारती काढल्या आणि एक दिवस बंद केल्या. का, म्हणून विचारलं की म्हणायचे, "आरं, मेल्यावर माझ्यामागं किती राडारोडा राहील ते मनात आलं, आन् झोपच गेली." त्यानंतर त्यांनी फक्त लाकडाचं काम घेतलं, आणि तेही अशा लाकडाचं की ज्याच्यासाठी कुणी झाड मुद्दाम पाडलेलं नाही.

मी गोंदियाकडचा. आठवीत शाळा सुटली. सुटली म्हणजे मीच गेलो नाही, परीक्षेच्या दिवशी घाबरून शाळेच्या फाटकावरून परत फिरलो, आणि मग फिरलेलाच राहिलो. पुण्यात किचनच्या कपाटांचं काम केलं. एका टोळीबरोबर मंगल कार्यालयाच्या छताच्या कामाला धाराशिवला आलो. काम संपलं, टोळी नांदेडला गेली, मी येडशीच्या स्टँडवर उतरलो, कारण तिथं काम आहे असं कुणीतरी सांगितलं होतं. तिथं काहीच नव्हतं. मी बाकावर बसून पिशवीतल्या पटाश्या, म्हणजे लाकूड कोरायच्या छिन्न्या, काढत होतो, मोजत होतो, टॉवेलात गुंडाळत होतो, पुन्हा काढत होतो.

शेजारी धपाटं खात बसलेल्या म्हाताऱ्यानं विचारलं, "काय बगायलास सारखं?"

"हरवली तर नाही ना, ते."

"किती येळा बगितलंस?"

"माहीत नाही."

त्यांनी माझा हात धरला, नाकाशी नेला आणि वास घेतला. स्टँडवरची माणसं बघायला लागली. "गमचा वास यायलाय," ते म्हणाले. "प्लायवाला हायस तू. लाकूड अजून बगितलंच न्हायस. कुठला?"

"गोंदिया."

"जंगलातला हायस आन् प्लाय चिकटवायलास? चल. मला असाच माणूस पायजे हुता."

"असा म्हणजे कसा?"

"घाबरट. बिनधास्त सुतारांनी मला लई रडवलंय. एकदा मापलं की कापलंच. तू चारदा बगशील."

तो म्हातारा म्हणजेच अप्पा, आणि घाबरटपणामुळं मला कुणी कामावर घेतल्याची ती पहिली वेळ. त्याच्या आधी सगळ्यांनी त्यासाठी काढलंच होतं.

डोंगर एका पुण्याच्या बाईंनी घेतलेला. त्यांना सगळे ताई म्हणत. त्यांना तिथं ध्यानाला बसण्याचं केंद्र करायचं होतं: वेगवेगळ्या जागी छोट्या कुट्या, मधे चालायच्या वाटा, बाकी डोंगर आहे तसा. कुट्यांचं काम अप्पांकडं, स्वयंपाकघर आणि न्हाणीघरांचं काम पुण्याहून आलेल्या एका इंजिनिअर साहेबांकडं. साहेब सिमेंटचे, अप्पा लाकडाचे. दोघं एकमेकांना फार मानानं बोलत, आणि पाठ फिरली की एक म्हणायचा "म्हातारा," दुसरा म्हणायचा "कालवणवाला." सिमेंट कालवतो म्हणून.

अप्पांनी पहिल्या दिवशी मला नकाशा दाखवला. मी बघून मान डोलावली. त्यांनी विचारलं, "दार कुठं हाय?" मी खिडकीवर बोट ठेवलं. ते हसले नाहीत. नकाशाची गुंडाळी केली, काखेत मारली आणि मला माळावर नेलं. क्रिकेटच्या मैदानाला मारतात ती पांढरी फक्की घेऊन त्यांनी जमिनीवर अख्खी कुटी जशीच्या तशी आखली. भिंती, दार, खिडकी, बाहेरचा ओटा. मग आत जाऊन उभे राहिले.

"ये आत."

मी सरळ त्यांच्याकडं चालत गेलो.

"आरं आरं! भितीतनं कशाला यायलास? दार दिलंय ना?"

मी मागं फिरलो, दारातून आत आलो.

"चपला?"

चपला बाहेर काढल्या.

"आता कुंद्री."

कुंद्री म्हणजे कानडीत बसा. त्या दिवशी मी फक्कीच्या भिंतींमध्ये, उघड्या माळावर, उन्हात बसलो, आणि खरं सांगतो, मला त्या भिंती दिसल्या. त्यानंतर नकाशा वाचायची भीती गेली. अप्पांनी हा नियम सगळ्यांना लावला. ताई पहिल्यांदा जागा बघायला आल्या, तेव्हा त्यांनाही दारातून यायला लावलं. इंजिनिअर साहेब घाईत रेघ ओलांडून आले, तर अप्पा म्हणाले, "साहेब, भीत पडली की तुमच्या अंगावर." एक कुत्रं तिथं येऊन झोपायचं. त्याला मात्र ते काही म्हणत नसत. "त्यो खिडकीतनं येतो," म्हणायचे.

कुटी कुठं बांधायची, हेही ते बसूनच ठरवत. आम्ही सगळ्यांनी, म्हणजे मी, दोन गडी, कधी ताईसुद्धा, पोती टाकून सकाळी एखाद्या जागी बसायचं. बोलायचं नाही. ज्या जागेवरून कुणालाच उठावंसं वाटलं नाही ती जागा नक्की. कुणी चुळबुळ केली, कुणी तोंड फिरवून बसलं, तर अप्पा त्याला विचारत नसत. तिथं स्वतः जाऊन बसत, आणि का चुळबुळ केली ते शोधून काढत. कधी खालच्या रस्त्यावरून उसाच्या ट्रॅक्टरचा आवाज यायचा, कधी वाऱ्याबरोबर धूळ, कधी पाठीला ऊन. गंमत म्हणजे स्वतः अप्पांना गप्प बसता येत नसे. थोडा वेळ गेला की ते काहीतरी बोलत, नाहीतर घोरत. दुसऱ्यांना शांत बसायची जागा करून देण्यात आयुष्य घालवणारा हा माणूस, त्याला ध्यान म्हणून काही लागलेलं मी कधी पाहिलं नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "तम्मा, हलवाई कुठं पेढं खात बसतो?" तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. मला ते कायम तम्माच म्हणत.

लाकूड मिळवायची त्यांची तऱ्हा वेगळीच. कळंबच्या बाजूला रस्ता रुंद करताना कडेच्या बाभळी पाडल्या. त्या वीटभट्टीला चालल्या होत्या. अप्पांनी भट्टीवाल्याच्या ट्रकपुढं उभं राहून एकेक ओंडका हातानं वाजवला आणि चांगले उतरवून घेतले. ढोकीच्या एका शेतकऱ्याचं लिंबाचं झाड वाऱ्यात पडलं, त्याची बातमी आम्हाला शेतकऱ्याच्या बायकोच्या आधी लागली, असं गडी म्हणत. एकदा परंड्याकडून येताना त्यांनी एसटीतून रस्त्याकडेला एक वाकडा ओंडका पाहिला, बस थांबवली, उतरले, ओंडका घेतला आणि मागच्या बसमध्ये तो मांडीवर घेऊन बसले. मी सोबत होतो. कंडक्टर आला.

"आजोबा, ह्याचं काय?"

"माझ्या मांडीवर हाय की."

"मग अर्धं तिकीट काढू का?"

"काढ. पर खिडकीची सीट दे. जन्मभर एका जागी हुभा व्हता बिचारा."

सगळी बस हसली. कंडक्टरनं तिकीट काढलं नाही, पण उतरेपर्यंत ओंडक्याला "पावणं" म्हणत राहिला. तोच ओंडका आता एका कुटीच्या दारावर कमान म्हणून आहे.

आणलेली बाभूळ अप्पा लगेच वापरू देत नसत. ती एका शेततळ्यात बुडवून ठेवायची. बैलगाड्या होत्या तेव्हा इकडचे लोक चाकाचं लाकूड असंच भिजत घालत, म्हणजे त्यातला गोडवा निघून जातो आणि किडा लागत नाही. महिने महिने पाणी काळं, आणि वास असा की तळ्याचा मालक आमच्याशी बोलेनासा झाला. अप्पा दर आठवड्याला काठावर उकिडवे बसून तो वास घ्यायचे आणि म्हणायचे, "अजून गोड हाय." मग बाहेर काढून, कडब्याखाली सावलीत वाळवायची. लोखंडाचा खिळा कुठंही नाही. एका लाकडाला कुसू, म्हणजे कोरून काढलेली जीभ, दुसऱ्याला तिच्या मापाचं भोक, आणि दोन्हीतून आरपार लाकडाची खुंटी. खांब जमिनीत पुरायचा नाही. घडलेल्या दगडावर, तळखड्यावर, नुसता उभा करायचा.

"ह्या डोंगराव आपण पावणं हाव," ते म्हणत. "पावण्यानं जाताना भितीत खिळं ठिवून जाऊ नये. कुटीला उठून जाता आलं पायजे."

मला हे सगळं पटत होतं, आणि सगळ्याची भीतीही वाटत होती. खिळा नाही, सिमेंट नाही, आणि आत माणसं डोळे मिटून बसणार. मी एकेक सांधा ठोकल्यावर पुन्हा वाजवून बघायचो. अप्पा लांबून ओरडायचे, "बग, बग. अजून एकदा बग." त्यात टोमणा नसायचा. ते खरंच सांगत असायचे.

त्यांची स्वतःची भीती एकच होती, विंचवाची. आमचा डोंगर सगळा मुरमाचा आणि दगडाचा, दगड उचलला की खाली विंचू. अप्पा चपला कधी जमिनीवर काढत नसत. हिवराच्या झाडाच्या फांदीला अडकवायचे. बसायच्या आधी पोतं झटकायचे, पोतं झटकल्यावर जागा झटकायचे, आणि मग काठीनं स्वतःच्या सावलीलाही एकदा ठोकायचे. गडी हसायचे. एकदा एकानं गवताची काडी मागून मानेला लावली, तर अप्पा उडी मारून थेट रंध्याच्या टेबलावर. नंतर स्वतःच इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं.

वैशाखात पहिली कुटी उभी राहिली. तिच्या जमिनीच्या फळ्या मी बसवल्या. अप्पांचा हुकूम होता, एक रेघसुद्धा मोकळी नको. मी जीव ओतला. फळ्या अशा बसल्या की मधून पोस्टकार्ड जाईना. प्लायवूडमध्ये आयुष्य गेलेला मी, पहिल्यांदाच खऱ्या लाकडाची जमीन केली होती. संध्याकाळी तिच्यावरून हात फिरवत बसलो. घरी फोन केला. आई म्हणाली, "मंग तू मिस्त्री झालास का नं?" मी म्हटलं, हाव. आईनं ते गावभर सांगितलं.

गणपती झाले आणि ताई त्यांच्या ओळखीच्या काही जणांना घेऊन आल्या. पहिल्या कुटीत पहिल्यांदा बसायचं होतं. आधी आठवडाभर पाऊस लागून होता आणि त्या दिवशी लख्ख ऊन पडलं. ती मंडळी आत जाऊन बसली. आम्ही लांब, चिंचेखाली. अप्पा उमरग्याला घरी गेले होते. सगळीकडं अशी शांतता होती की मला माझ्याच गिळण्याचा आवाज येत होता.

आणि कुटीतून "फाट्" असा आवाज आला. बंदूक उडावी तसा. मागोमाग दुसरा. एक बाई किंचाळून बाहेर पळाली, तिच्यामागं सगळे. आम्ही धावलो. मधल्या फळ्या पोट फुगल्यासारख्या वर आल्या होत्या, आणि कोपऱ्यातला एक खांब तळखड्यावरून बोटभर बाहेर सरकला होता.

इंजिनिअर साहेब आले, वाकून बघितलं. "सांधे गेलेत," ते ताईंना म्हणाले. "मी पहिल्या दिवसापासून सांगतोय. नकाशा कितीही चांगला असू दे, ताई. आठवी शिकलेल्या माणसाच्या हातच्या खुंट्यांवर आपण लोकांना बसवणार आहोत का? मी सिमेंटची खोली करून देतो, वरून लाकडासारखी टाइल लावू. कुणाला कळणार नाही."

ताईंनी माझ्याकडं बघितलं. "तुम्हाला काय वाटतं?"

मी सरकलेल्या खांबावर हात ठेवला. मला वाटत होतं, साहेब म्हणतात ते खरं असणार. मीच कुठंतरी भोक मोठं कोरलं असणार. ताई म्हणाल्या, "उद्या अप्पांसमोर ठरवू. पण चूक सुतारकामाची असेल, तर मला हे काम पुढं तुमच्याकडून करून घेता येणार नाही." आवाज कडक नव्हता, त्यामुळं जास्तच लागला. मी झोपडीत जाऊन पिशवी भरली. परत जायला हरकत नव्हती. पण गावात शिरताना आईकडं कोणत्या तोंडानं बघायचं, ते ठरत नव्हतं.

अप्पा सकाळच्या एसटीनं आले. ताईंचं सगळं ऐकून घेतलं. कुटीला एक फेरी मारली, पालथं पडून खाली बघितलं, म्हणजे आधी काठीनं भरपूर ठोकून मग बघितलं. उठले, कपडे झटकले.

"साहेब म्हणत्यात सांधं गेलं. मी म्हणतो बगू या. उघड तम्मा."

"काय उघडू?"

"कुटी."

"सगळी?"

"मग? डब्याचं झाकण हाय का नुसतं?"

ताडपत्री अंथरली. मी वरून सुरुवात केली. खुंटी उलट्या बाजूनं ठोकायची, बाहेर आली की कुसू ओढायचं. पहिलं कुसू बाहेर आलं, अप्पांनी ते हातात घेतलं, सगळीकडून फिरवलं आणि ताईंच्या पुढं धरलं. कडा कोऱ्या, कुठं चीर नाही, ठेच नाही. दुसरं. तिसरं. छप्पर उतरलं, तुळया उतरल्या, खांब आडवे झाले. दुपारपर्यंत अख्खी कुटी ताडपत्रीवर निजली होती आणि डोंगरावर फक्त दगड उरले होते. एक खुंटी मोडली नव्हती. ताई प्रत्येक सांध्यावर बोट फिरवत गेल्या. साहेबही गेले. ते चांगल्या मनाचे होते, खोटं बोलले नाहीत. म्हणाले, "सांधे शाबूत आहेत. मग खांब सरकला कशानं?"

अप्पांनी जमिनीची एक फळी उचलली, तिच्याच जागेवर परत बसवून दाखवली. बसेना. पावसाळ्याच्या ओलीनं ती रुंद झाली होती. अशा सगळ्या फळ्या, एकीला एक लागून. त्यांना फुगायला जागा नव्हती, म्हणून त्यांनी कडेच्या तुळईला रेटलं, तुळईनं खांबाला.

"वैशाखात कोरडी ठाण बसवली, भादव्यात वल्ली झाली," अप्पा म्हणाले. "फळ्यांत फट ठिवायला पायजे हुती. जागा मागत हुत्या त्या. म्या दिली न्हाय."

"पण अप्पा," ताई म्हणाल्या, "हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

इथं त्यांना सुटता आलं असतं. फळ्या मी बसवल्या होत्या. सुतारानं सांगायला हवं होतं, एवढं म्हणाले असते तरी साहेबांनी मान डोलावली असती. मी मानच खाली घातली होती.

"माहीत हुतं," अप्पा म्हणाले. "लाकूड फुगतं हे शेंबड्या पोराला माहीत असतंय. फट ठिवली की खालनं इंचू वर यील, म्हणून म्या बंद केली. मनाची समजूत घातली, इतकं भिजवून वाळवलेलं लाकूड आता कशाला हलंल. ह्या पोरानं फकस्त म्या सांगितलं तसं केलं. आन् लई चांगलं केलं, तेच नडलं. जरा वंगाळ केलं असतं तर फट राहिली असती."

गडी तोंड फिरवून हसायला लागले. साहेबांनाही हसू आवरेना. ताई हसल्या नाहीत.

"तुम्ही विंचवाला एवढे घाबरता?"

"व्हय. लई."

ताईंनी त्या आडव्या पडलेल्या कुटीभोवती एक फेरी मारली. मग म्हणाल्या, "अप्पा, कुटी पुन्हा उभी करा. लाकडाचीच करायची, सगळ्या लाकडाच्याच. पण पुढचे नकाशे मी पुण्याच्या ऑफिसकडून करून घेईन. इथं लोक डोळे मिटून बसणार आहेत. न कळून चूक झाली असती तर मी काही म्हटलं नसतं."

"बराबर हाय ताई," अप्पा म्हणाले. "आन् सुतार?"

"सुतार हेच. सांधे बघितले मी."

मी पुढं झालो. "ताई, अप्पा नसतील तर मला नाही जमणार. मला सगळं त्यांनीच..."

"तोंड मीट तम्मा," अप्पा म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्यावर चिडले होते. "बाईनी रास्त सांगितलंय. पिशवी भरलीस म्हणं. जा, रिकामी कर."

मग आम्ही दोघांनी ती कुटी परत उभी केली. तीच लाकडं, त्याच खुंट्या. फळ्या कडेला किंचित तासून मधे फटी ठेवल्या, आणि खाली बारीक जाळी बसवली. अप्पा सगळा वेळ बोलत होते, गाईच्या आजारापासून गुळाच्या भेसळीपर्यंत, जणू काही झालंच नाही. काम झाल्यावर त्यांनी ओळंबा लावून चारी खांब बघितले. हिवराच्या फांदीवरच्या चपला काढल्या, झटकल्या, घातल्या. मी स्टँडपर्यंत गेलो.

"घाबरायचं सोडू नको," एसटीची वाट बघत ते म्हणाले. "नुसतं कशाला घाबरायचं ते नीट बग. म्या इंचवाला घाबरलो, पाण्याला घाबरायला पायजे हुतं."

"अप्पा, तुम्ही माझं नाव पुढं केलं असतं तरी..."

"गप. बस आली बग." आणि पायरीवर चढून वळून म्हणाले, "जेवत जा येळेवर. गोंदियाला आईकडं जाऊन ये."

आता डोंगरावर बऱ्याच कुट्या झाल्यात. पुण्याचं ऑफिस नकाशे फोनवर पाठवतं. नकाशे चांगले असतात, खोटं का बोलू. ती माणसं हुशार आहेत, फट किती ठेवायची ते अचूक लिहितात. मी मात्र काम सुरू करायच्या आधी फक्की मारतो आणि गड्यांना दारातून आत येऊन बसायला लावतो. एकदा ऑफिसातल्या मुलीलाही बसवलं. ती उठली तेव्हा तिनं स्वतःच नकाशातली खिडकी दुसऱ्या भिंतीला घेतली.

फाटकावर पत्र्याचा बोर्ड लागलाय. त्यावर ताईंच्या संस्थेचं नाव आहे, पुण्याच्या ऑफिसचं आहे. अप्पांचं नाही. मी फोनवर चाचरत त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं, गंजणार हाय त्यो." ते आता उमरग्यात असतात, गुडघे धरलेत, शेजाऱ्यापाजाऱ्यांना गोठ्याचे नकाशे काढून देतात. गाईला दारातूनच आत यायला लावतात की नाही, ते विचारायचं राहिलं. फोन आला की पहिलं वाक्य, "लाकूड बरं हाय का?" आणि मग, "तू?"

मी जे करायचं ठरवलंय ते त्यांना सांगितलेलं नाही. सांगितलं तर ते उडवून लावतील, आणि त्यांनी उडवून लावलं की मी ऐकीन. म्हणून तुम्हाला सांगतोय. ताईंचं काम संपलं की मी कुणाच्या हाताखाली जाणार नाही. स्वतःचं काम घेणार, एका कुटीचं का असेना, कुठल्याही डोंगरावर, आणि तिचा नकाशा अप्पांचा असणार. जो काम देईल त्याला आधीच सांगणार की हा माणूस चुकला होता, आणि चूक सगळ्यांसमोर आपल्या अंगावर घेऊन निघून गेला होता. हे ऐकून ज्याला चालेल त्याच्याकडंच काम करणार. तिथं पाटी मी कोरणार, बाभळीची. वर त्यांचं नाव, पुरं, आडनावासकट. खाली माझं.

त्यांचं नाव मी आत्तापासून टाकाऊ फळ्यांवर कोरून बघतोय. अजून नीट येत नाही. पण पाटी बघायला यायला अप्पांचे गुडघे एसटीची पायरी चढू शकतायत, तोवर ते नीट कोरता यायला हवं, आणि येईल.